नमुना क्रमांक नाही

मकरपुऱ्याच्या लॅबमध्ये सकाळी कोळंबी येते
थर्माकोलच्या पेटीत, बर्फात,
डोकी काढलेली, तलावाची चिठ्ठी लावलेली.
मी तिचा लगदा करते, गाळते, यंत्राला देते.
यंत्र औषधांचे अवशेष शोधतं,
अब्जात एक भाग असला तरी सोडत नाही.
सातासमुद्रापलीकडे कुणाच्या ताटात काय जाऊ नये
याची काळजी इतकी बारीक.

दुपारी लखीबेन माछी आली
ढाढरच्या मुखाकडून, दोन बस बदलून.
साडल्याच्या पदरात गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली.
‘अमारा कूवानुं पाणी छे, बेन. जरा जोई आपो ने.’
काउंटरवरच्या हरकिशननं विचारलं,
पार्टीचं नाव? जीएसटी नंबर?
ती म्हणाली, कूवो.

सहानंतर सगळे गेले तेव्हा मी ब्युरेट भरली.
पाण्यात पिवळा थेंब टाकायचा,
मग चांदीचा क्षार सोडत राहायचं
विटकरी रंग येईपर्यंत.
आमच्या नळाच्या पाण्याला
नळीची दोन बोटं पुरतात.
तिची बाटली पिवळीच राहिली.
मी नळी पुन्हा भरली. मग पुन्हा.

ती स्टुलावर बसून बोलत होती,
मला नाही, खिडकीला सांगितल्यासारखं.
नवरा पगडियो, होडी नाही, पायच.
ओहोटीमागे चालत जायचा चिखलात, खुंटांना जाळी बांधायला.
त्या वाटेवर आता फाटक आहे.
फाटकावरचा चौकीदार तिच्याच फळियातला,
लांबचा भाचा. तो मान खाली घालतो
आणि फाटक उघडत नाही.
रात्रभर तलावातले पंखे पाणी आपटतात,
डिझेलचा वास गोधडीत येतो.
मागच्या वर्षी झिंग्यांवर पांढरे डाग पडले,
मालकानं तलावात पावडर ओतली, मोरी उघडली.
सकाळी खेकडे शाळेच्या ओट्यावर चढून आले होते,
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
विहिरीचं आधी म्हशीला कळलं.
बादलीत तोंड घालून तिनं काढून घेतलं.

सून तिथेच जाते, डोकी तोडायला.
बोटांची सालं निघतात.
‘पण आजचं भाडं तिनंच दिलं,’
हे सांगताना ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

मी आकडा लिहिला. तीनदा तपासला.
तिच्या जिभेला जो केव्हापासून माहीत होता
तो मला दीड तासानं मिळाला.
फॉर्मवर नमुना क्रमांकाची चौकट रिकामी,
शुल्काची रिकामी.
खाली गुजरातीत हातानं लिहिलं: पिण्यास योग्य नाही.
शिक्का कपाटात, कपाटाला कुलूप.

मी म्हटलं, तलावाचं पाणी मुरतंय जमिनीत.
ती म्हणाली,
‘तमारी नदी पण अमारे त्यां ज आवे छे ने.’
खरंच. विश्वामित्री आमच्या पुलाखालून जाते
मोऱ्या, पिशव्या, निर्माल्य,
एखादी सुस्त मगर मागे ठेवून,
आणि ढाढरला मिळते.
मी भांडी घासते ते पाणीही तिकडेच.

रविवारी दांडिया बाजारात आमच्याकडे
कोळंबीची खिचडी असते.
यशोधनला मोठी लागते, सोललेली;
ही तलावाची बरी, चिखलाचा वास नाही, म्हणतो.
पाठीतला काळा दोरा मी सुईनं ओढून काढते,
एकही राहू देत नाही.
हे मी लखीबेनला सांगितलं नाही.

जंबुसरची शेवटची बस साडेआठला.
तिनं कागद घडी करून चोळीत ठेवला, वाचायला येत नव्हता.
मग म्हणाली, बाटली परत द्या, कामाला येईल.
मी ती विसळली, फिल्टरखाली धरली,
काठोकाठ भरली.
दारातच तिनं एक घोट घेतला,
तोंडात घोळवला,
चेहरा जरा वाकडा केला.
‘मोळुं,’ म्हणाली.
अळणी.